तात्पर्य लिहायचं नाही

सातवीला 'प्रामाणिकपणा' हा विषय देऊन गोष्ट लिहायला सांगितली, की निम्म्या वह्यांत पैशांचं पाकीट सापडतं. पाकीट परत जातं, बक्षीस मिळतं, खाली तात्पर्य. यात मुलांचा काही दोष नाही. मुद्दे, शीर्षक, तात्पर्य हे परीक्षेसाठी आम्हीच घोटून घेतो. पण त्या पाकिटात कधी रेशनकार्ड नसतं की औषधाची चिठ्ठी नसते, याचं मला फार वाईट वाटायचं.

यंदा विषय दिला, 'वाट बघणं'. आमची शाळा बीड जिल्ह्यातली. दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला निघतं. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली की कोयता पाच-सहा महिने कारखान्याकडे, कोपीत, म्हणजे झोपडीत. काही लेकरं सोबत जातात, काही आजीपाशी राहतात. वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना मी काय सांगणार?

तरी पहिल्या खेपेला सगळ्यांनी 'आईची खूप आठवण येते, डोळ्यांत पाणी येते' असंच लिहिलं. शब्दन् शब्द खरा, पण गोष्ट कुठेच नाही. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. वाट बघणाऱ्याच्या हातात आत्ता काय आहे? आज रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं? आणि कोण कुणापासून काय लपवतंय? शिवाय तात्पर्य लिहायचं नाही. "मग गोष्ट संपली हे कळणार कसं, मॅडम?" एकाने विचारलं. प्रश्न इतका चांगला होता की उरलेला तास त्यावरच गेला.

तिसऱ्या प्रश्नाने गोष्टी हलल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. तिच्या गोष्टीतली आजी विहिरीवर घसरून पडते. गुडघा सुजतो. संध्याकाळी रेंजसाठी दोघी देवळाच्या ओट्यावर जातात. मुलीच्या हातात फोन, आजीचा हात तिच्या खांद्यावर. तिने लिहिलं होतं:

"आजी म्हनली, पडले म्हनून सांगू नको. ती कोयता टाकून येईल आन उचल अंगावर राहील. आईने विचारले, आजी कशी हाय? मी म्हनले, बरी हाय. आजीने माझा खांदा दाबला."

'म्हनली' मी सुधारलं नाही. फक्त यापुढची दोन वाक्यं, 'आजीचे माझ्यावर खूप प्रेम होते' वगैरे, वाचून दाखवली आणि विचारलं, "ही हवीत का?" तिने थोडा वेळ वहीकडे बघितलं आणि स्वतःच खोडली. खांदा दाबण्यात सगळं आलंय, हे तिला माझ्याआधी कळलं असावं.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिला ती गोष्ट आईला वाचून दाखवायची होती. माझ्या फोनवरून लावून दिला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तिने न थांबता वाचली. संपल्यावर तिकडून काहीच आवाज नाही. मग आईने घाबऱ्या आवाजात विचारलं, "आजी कधी पडली गं? मला कुनी सांगितलं न्हाई."

"न्हाई गं आई, ते गोष्टीत हाय."

"खरं सांग."

मग आजीलाच बोलवावं लागलं फोनवर.