तुमच्या छपरावरचं पाणी कुठे जातं?

इथे शिक्षकांच्या पाणलोट कार्यशाळेत ओळख करून द्यायची एक तऱ्हा आहे. नाव सांगायचं, शाळा सांगायची आणि मग आपल्या घराच्या छपरावर पडलेलं पावसाचं पाणी कुठल्या ओढ्याला जातं ते सांगायचं. हे कोण लक्षात ठेवतं, असं वाटेल. पण खोलीतले निम्मे लोक घडाघडा सांगत होते: अमुक ओढा, मग तमुक नदी, मग चेसापीक बे, मग अटलांटिक. माझी पाळी येईपर्यंत मी हळूच फोनवर नकाशा पाहून घेतला. आम्ही अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, कोलंबिया नावाच्या गावात राहतो. आमचं पाणी लिटल पटक्सेंट नदीला, तिचं पटक्सेंटला आणि पटक्सेंटचं बेला.

मी इथल्या एका सरकारी शाळेत सहाय्यक शिक्षिका आहे, त्यामुळे वर्षातले काही शनिवार अशा कार्यशाळांत जातात. आई फोनवर विचारते, "शनिवारी पण शाळा? आणि तीही चिखलात?" म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नद्यांचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे एकमेकांत मिसळतं, अशी अमेरिकेतली सगळ्यात मोठी खाडी म्हणजे चेसापीक बे. तिचं पाणलोट क्षेत्र सहा राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये पसरलंय, सुमारे 1,66,000 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त मुलूख झाला की हा. खाडीची सरासरी खोली मात्र जेमतेम साडेसहा मीटर. म्हणजे एवढ्या मोठ्या जमिनीवरची घाण उथळ पाण्यात येऊन पडते. शेतातलं खत, कोंबड्यांची विष्ठा, हिरवळीवर मारलेलं नायट्रोजन, मैलापाणी, बांधकामावरची माती, सगळं. नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढले की शेवाळ माजतं, पाणी गढूळ होतं, तळाशी उगवणाऱ्या पाणगवताला ऊन मिळत नाही आणि ते मरतं. मग शेवाळही मरतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि उन्हाळ्यात खाडीचे मोठे पट्टे मासे-खेकड्यांना राहण्याजोगे उरत नाहीत.

हे सगळं शाळेत शिकवणं इथे ऐच्छिक नाही. 2011 साली मेरीलँडने पर्यावरण साक्षरता ही शालेय पदवीसाठीची अट करून टाकली, अमेरिकेत असं करणारं हे पहिलं राज्य. त्याआधी, 2000 च्या चेसापीक करारात असं ठरलं होतं की इथल्या प्रत्येक मुलाला शाळा संपायच्या आत पाणलोटाचा प्रत्यक्ष अनुभव मिळालाच पाहिजे. त्या अनुभवाचं सरकारी नाव लांबलचक आहे, शिक्षक त्याच्या आद्याक्षरांना ‘मीवी’ म्हणतात. नुसती सहल चालत नाही. आधी मुलांनी प्रश्न ठरवायचा, मग बाहेर जाऊन मोजायचं, मोजल्यावर अर्थ लावायचा आणि शेवटी काहीतरी करायचं, झाडं लावा नाहीतर काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाला, पत्र लिहा. आता शिक्षकाने स्वतः कधी ओढ्यात पाय घातला नसेल तर तो पोरांना काय नेणार? त्यासाठी या कार्यशाळा.

ओढ्याचं काम मला सगळ्यात आवडतं. पाणी दगडांवरून खळाळत वाहतं अशी जागा शोधायची. एकाने खालच्या अंगाला जाळी धरायची, दुसऱ्याने वरच्या बाजूला दगड पायाने ढवळायचे. मग जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करायची. आधी फक्त काडीकचरा दिसतो. मिनिटभर नजर स्थिर ठेवली की कचरा हलायला लागतो. प्लॅस्टिकच्या चमच्याने एकेक जीव उचलून बर्फाच्या ट्रेच्या खणांत टाकायचा. दोन शेपट्या असतील तर स्टोनफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू, तीन असतील तर बहुधा मेफ्लायचं. कॅडिसफ्लायची अळी तर स्वतःच्या रेशमाने वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर बांधते आणि ते अंगावर घेऊन फिरते. भिंगातून पाहिलं तर एकेक कण जुळवून बसवलेला दिसतो. हे तिघे नाजूक, घाणीत तग धरत नाहीत. ते सापडले तर ओढा बरा आहे. ट्रेमध्ये नुसते जंत आणि जळवा वळवळत असतील तर समजायचं ते समजून घ्यायचं. रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी सांगते, हे किडे मागच्या कित्येक महिन्यांचं सांगतात. पाचवीतल्या मुलाला हे एकदा समजलं की पुन्हा समजवावं लागत नाही.

दलदलीची कार्यशाळा जग बे नावाच्या अभयारण्यात असते, पटक्सेंटच्याच काठी. गंमत अशी की इथे समुद्राची भरती-ओहोटी पोहोचते पण खारटपणा पोहोचत नाही. दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं, तेही गोडं. काठाने पाणकणीस आणि रानटी तांदूळ माजलेला असतो. हा तांदूळ मध्यंतरी जवळजवळ गेला होता. इथेच मुक्काम ठोकून बसलेले कॅनडा गूज, म्हणजे रानटी हंस, त्याचे कोंब खाऊन टाकायचे. कुंपणं घातली, बिया पेरल्या, गूज कमी केले, तेव्हा कुठे तो परत आला. शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले सोरा नावाचे पक्षी त्याच्यावर पोट भरतात.

तिथे आम्हाला मातीत गिरमिट घालून नमुना काढायला लावलं. कुजक्या अंड्यांचा वास आला आणि हातात राखाडी, लिबलिबीत मातीचा गोळा. त्यात मुळांच्या कडेने गंजासारख्या तांबूस रेघा. कायम भिजलेल्या मातीत प्राणवायू नसतो, त्यामुळे लोहाचा तांबडेपणा जाऊन ती राखाडी होते. वनस्पती मुळांपर्यंत थोडी हवा पोहोचवतात, तेवढ्याच रेषेत लोह गंजतं. ही माती रंगांच्या तक्त्याशी जुळवून बघायची असते. वर पाणी दिसो न दिसो, दलदल आहे की नाही ते मातीच सांगते. एखादी जागा कायद्याने दलदल ठरते तेव्हा पाणी आणि वनस्पतींबरोबर मातीचीही साक्ष काढतात. ती ठरली की तिथे भराव टाकायला परवानगी लागते, म्हणून बिल्डर आणि सरकार यांच्यात या राखाडी गोळ्यावरून वाद रंगतात.

आता बर्नी फाउलरांबद्दल सांगायलाच हवं. पटक्सेंटच्या खालच्या अंगाला, कॅलव्हर्ट काउंटीत वाढलेला हा माणूस. तरुणपणी खांद्याइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी त्यांना पायाखालचं गवत आणि त्यातले खेकडे दिसायचे. पुढे ते राज्याच्या सिनेटमध्ये गेले, आणि नदी मात्र चहासारखी झाली. 1988 च्या जूनमध्ये त्यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट घातले, लोकांना बोलावलं आणि हातात हात घालून सगळे नदीत चालत गेले. बूट दिसेनासे झाले की थांबायचं, बाहेर यायचं आणि कपड्यावरची ओली रेघ पट्टीने मोजायची. त्या आकड्याला नाव पडलं ‘स्नीकर इंडेक्स’. त्यांच्या आठवणीतली नदी 63 इंचांची होती. नंतर बहुतेक वर्षी आकडा वीस ते चाळीसच्या आसपासच घुटमळला, 63 पुन्हा कधी दिसला नाही. 2021 च्या डिसेंबरमध्ये ते गेले, 97 वर्षांचे होऊन. जूनमधल्या रविवारी लोक अजूनही नदीत उतरतात.

शास्त्रज्ञांकडे यासाठी सेकी डिस्क असते, दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी. ती जास्त अचूक असणार यात शंका नाही. पण राजकारणी माणसाने ओल्या विजारीने उभं राहून सगळ्यांसमोर आकडा सांगायचा, ही कल्पनाच मला भारी वाटते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि त्याला निवडून पण देतात?" देत होते.

फाउलरांची तक्रार कोणाविरुद्ध होती? आमच्याविरुद्ध! कोलंबिया 1967 साली वसवलेलं, आखीवरेखीव शहर. वरच्या अंगाला अशी उपनगरं वाढत गेली आणि त्यांचं सांडपाणी खाली वाहत गेलं. 1970 च्या दशकात खालच्या तीन काउंट्यांनी राज्य आणि केंद्र सरकारवर दावा लावला. पटक्सेंटचं पूर्ण खोरं मेरीलँडमध्येच असल्यामुळे दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवायची सोयच नव्हती. अखेर सांडपाण्यातला नायट्रोजन काढायचं मान्य झालं. 2004 मध्ये राज्याने त्यासाठी कर बसवला, लोक त्याला ‘फ्लश टॅक्स’ म्हणतात. सुरुवातीला घरामागे महिना अडीच डॉलर, 2012 पासून पाच. त्या पैशातून राज्यातली सगळ्यात मोठी 67 सांडपाणी केंद्रं सुधारायला घेतली. आमच्या पाण्याच्या बिलावर ती ओळ असते. पूर्वी मी ती वाचतही नव्हते.

आपल्याकडे पाणलोट म्हटलं की हिवरे बाजार, समतल चर, माती नालाबांध, माथा ते पायथा. सगळी धडपड पाणी पळून जाऊ नये याची. इथे बाराही महिने पाऊस पडतो, त्यामुळे पाणी जाण्याचं दुःख नाही, जाताना ते काय काय घेऊन गेलं त्याचं आहे. गमतीचा भाग म्हणजे उपाय तोच. घराच्या पन्हाळीखाली उथळ खळगा करायचा, त्यात स्थानिक झाडं लावायची, पाणी एक-दोन दिवसांत जिरलं पाहिजे. इथे याला ‘रेन गार्डन’ म्हणतात आणि त्याच्यावर रंगीत पत्रकं निघतात. आपण भिंतीवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहून कधीच मोकळे झालो.

फरक आहे तो वेगळाच. डोंगरावर चर खणणाऱ्या गावाला दोन पावसाळ्यांत आपल्याच विहिरीत पाणी दिसतं. मी अंगणात खळगा केला तर फायदा कोणाला? शंभरेक किलोमीटर खाली राहणाऱ्या, मला कधीच न भेटणाऱ्या माणसाला. वरच्याचं काही अडत नाही, सोसायचं ते खालच्याला. त्यामुळे श्रमदानाच्या उत्साहावर इथे भागत नाही. कायदा लागतो, कर लागतो आणि शाळेपासून डोक्यात भरवावं लागतं.

आणि तरी लोक कुरकुरतात. पावसाचं पाणी छपरं आणि डांबरावरून घाण घेऊन जातं म्हणून 2012 च्या कायद्याने मोठ्या काउंट्यांना त्यासाठी शुल्क लावायला लावलं, तर विरोधकांनी त्याचं ‘रेन टॅक्स’ असं बारसं करून टाकलं. निवडणुकीत तो मुद्दा गाजला आणि 2015 मध्ये सक्ती काढून टाकावी लागली. हिरवळीच्या खतावरही कायदा आहे: 15 नोव्हेंबर ते 1 मार्च खत टाकायचं नाही, जोराचा पाऊस येणार असेल तर टाकायचं नाही, रस्त्यावर सांडलं तर झाडून घ्यायचं. आमच्या गल्लीत किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. रस्त्याकडेच्या गटारांच्या तोंडाशी ‘इथे काही टाकू नका, हे पाणी बेला जातं’ अशा अर्थाच्या चकत्या लावण्याचा कार्यक्रम शाळांना घेऊन करतात, कारण पावसाच्या पाण्याची ही गटारं सांडपाणी केंद्राकडे न जाता थेट ओढ्यात उघडतात. मुलं उत्साहाने चकत्या चिकटवतात. मोठी माणसं त्याच गटाराशेजारी गाडी धुतात.

या कार्यक्रमांबद्दल माझी एक तक्रार आहे. येणारे बहुतेक आधीच पटलेले असतात. निवृत्त मंडळी, शिक्षक, पक्षी बघणारे. आपले देशी लोक अगदी मोजके. ज्यांच्या हिरवळी गालिच्यासारख्या आहेत ते फिरकत नाहीत. मोठ्या आकड्यांकडे पाहिलं तर 2010 मध्ये केंद्र सरकारने खाडीत किती प्रदूषण चालेल याची मर्यादा आखून दिली आणि 2025 पर्यंत सगळे उपाय करायचे ठरवलं. सांडपाणी केंद्रांनी आपला वाटा उचलला, शेती आणि शहरी पाऊसपाणी मागे राहिले, मुदत टळून गेली. म्हणजे जिथे एका जागी पैसा ओतून यंत्र बसवता आलं तिथे जमलं, जिथे लाखो लोकांनी सवय बदलायची होती तिथे अडलं. कार्यशाळांचं काम नेमकं त्या दुसऱ्या भागात आहे, आणि ते संथच होणार.

या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणि उन्हाळ्यात येणाऱ्या आई-बाबांसाठी थोडं कामाचं: काउंटीच्या उद्यान विभागाचं वेळापत्रक बघत राहा, ओढ्यातले किडे शोधण्याचे आणि झाडं लावण्याचे कार्यक्रम बहुतेक फुकट असतात, आधी नाव नोंदवावं लागतं. गमबूट बऱ्याचदा तेच देतात. साडी नेसून येऊ नका, पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर कानामागे, गुडघ्यामागे, केसांत गोचीड आहे का ते नीट तपासा. इथल्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो आणि ती तिळाएवढीच असते. आईला चष्मा लावून माझी मान तपासायला लावली तेव्हा तिने सुनावलं, "नदीला जायचं तर घाटावर जावं, हे कसले उद्योग!"