मावशीच्या ऑफिसचा सर्व्हर: केबल, लांबलचक मराठी नावं आणि जुना स्कॅनर

मावशीच्या सांगलीतल्या टॅक्स कन्सल्टन्सीचा सर्व्हर आता रोजच्या कामाला लागलाय, म्हणून इथपर्यंतचं लिहून ठेवतोय. सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर-स्कॅनर, टॅली, एक्सेल आणि क्लायंटच्या ढीगभर पीडीएफ, एवढा पसारा. आधी सगळा डेटा अकाउंटंट ताईंच्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेला, त्यामुळे त्यांची सुट्टी असली की दुसऱ्या कुणीतरी तो चालू करायचा, आणि कामाच्या मध्येच त्याने अपडेटसाठी रीस्टार्ट घेतला की बाकी सगळ्यांची टॅली अडकायची. मी सुरुवातीपासून एकच अट धरलीये, ऑफिसातल्या कुणालाही नवीन काही शिकायला लागू नये. झेड ड्राइव्ह दिसला पाहिजे आणि त्यात त्यांचे तेच फोल्डर, बस.

मशीनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सहाव्या जनरेशनचा आय५, १६ जीबी रॅम, रिफर्बिश्ड टॉवर. सहा जणांच्या फाइल शेअरिंगला हे भरपूर होतं, पैसे घालायचे ते डिस्क आणि यूपीएसवर घाला असं माझं ठाम मत आहे. सिस्टिमसाठी छोटी एसएसडी आणि डेटासाठी ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. दोन्ही बघून सीएमआरच घेतल्या, कारण एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर मिरर पुन्हा भरायची वेळ आली की लिहिण्याचा स्पीड पार झोपतो. वीज सरासरी ३० वॅट धरली तर महिन्याला २१-२२ युनिट होतात, मावशीला हाच आकडा पाहिजे होता. वर डेबियन १३ लिनक्स, डिस्कसाठी झेडएफएस फाइल सिस्टिम आणि विंडोजला फोल्डर शेअर करून देणारा सांबा. सांबा लिहायला सुरुवात केली अँड्र्यू ट्रिजेलने, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला, १९९१-९२ च्या सुमारास, आणि रोज रात्री मी ज्या आरसिंक प्रोग्रामने कॉपी काढतो तोही मूळ त्याने पॉल मॅकेरासबरोबर लिहिलेला, या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

केबलिंगमध्ये एक गंमत निघाली. स्विच गिगाबिट, सगळ्या कॉम्प्युटरची कार्डं गिगाबिट, तरी आतल्या खोलीतली दोन मशीन १०० मेगाबिटवरच जोडली जायची, म्हणजे कॉपीला सेकंदाला जेमतेम ११ एमबी. जॅक उघडला तर आठ वायरींपैकी चारच जोडलेल्या. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ एवढ्या पिना पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. केबल कॅट५ई होती म्हणजे माल चांगला होता, दोन्ही टोकं ५६८बी या वायरींच्या ठरलेल्या क्रमाप्रमाणे नवीन क्रिंप केली आणि स्पीड ११० च्या आसपास गेला. नवीन काही विकत घेण्याआधी लिंक स्पीड बघाच, लिनक्सवर ईथटूल चालवून किंवा विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये.

आता मराठी नावं. जुना डेटा कॉपी करताना काही फाइल जाईचनात, एरर यायचा की नाव फार मोठं आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, झेडएफएसवर डिफॉल्टला २५५ बाइटची, लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ वरही तेवढीच. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपला. आणि ऑफिसातले काका फाइलला नाव देतात ते ‘सांगली मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका घरपट्टी थकबाकीबाबत दिलेला विनंती अर्ज आणि त्यासोबतची कागदपत्रं’ असं, त्यांना पूर्ण वाक्याशिवाय सापडत नाही. मी आधी एक छोटी स्क्रिप्ट लिहून २३० बाइटच्या वर जाणारी सगळी नावं काढली, यादी प्रिंट करून काकांसमोर ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसून एकेक नाव छोटं केलं. काका म्हणाले, “नाव काय ते मी सांगतो, तू फक्त टाईप कर.” हेच बरोबर आहे, शोधणार ते आहेत. २५५ च्या ऐवजी २३० धरले कारण एक्सेलसारखे प्रोग्राम फाइल उघडली की त्याच नावाच्या पुढे स्वतःची दोन-चार चिन्हं लावून लपलेली फाइल बनवतात.

स्कॅनर हा सगळ्यात अवघड भाग. स्कॅन थेट शेअर फोल्डरमध्ये टाकायची सवय सगळ्यांना आहे आणि हे मशीन एसएमबीचं (विंडोजच्या फाइल शेअरिंगची भाषा) फक्त पहिलं व्हर्जन बोलतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस पसरला तो याच जुन्या व्हर्जनमधल्या भोकातून, आणि मायक्रोसॉफ्टचा पॅच त्याआधी मार्चमध्येच आलेला होता. सांबाने ४.११ पासून ते डिफॉल्टला बंद केलंय. एका स्कॅनरपायी पूर्ण ऑफिससाठी ते चालू करायला माझं मन धजेना. स्कॅनरला एफटीपी (फाइल पाठवायची जुनी पद्धत) येत होतं, मग सर्व्हरवर एफटीपी लावलं, फायरवॉलमध्ये फक्त स्कॅनरच्या आयपीला परवानगी दिली आणि ते स्कॅनच्याच फोल्डरला जोडलं. बटण तेच, फोल्डर तोच, कुणाला काही कळलंही नाही.

टॅलीच्या शेअरवर ऑपलॉक (फाइल कॉम्प्युटरने स्वतःकडे तात्पुरती साठवायची परवानगी) बंद ठेवलेत, अनेक जण एकाच वेळी उघडतात त्या डेटा फाइलला तेच सुरक्षित. प्रत्येकाला वेगळं युजरनेम दिलंय, विंडोज ११ प्रोच्या २४एच२ व्हर्जननंतर बिनपासवर्डचे गेस्ट शेअर तसेही डिफॉल्टला चालत नाहीत. कामाच्या वेळात तासातासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची नोंद, होतो आणि सांबाच्या शॅडो कॉपीमुळे फोल्डरवर राइट क्लिक करून जुनी आवृत्ती परत घेता येते. पण टॅली चालू असताना घेतलेला स्नॅपशॉट अर्धवट एंट्रीवर पडू शकतो, म्हणून टॅलीचा स्वतःचा बॅकअप संध्याकाळी वेगळा घ्यायचाच. क्लायंटमध्ये कंपन्या आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा हा त्यांच्यासाठी २०२२ पासूनचा नियम आहे.

यूपीएस यूएसबीवालाच घेतला, १ केव्हीए. लाईट गेली की एनयूटी हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम बॅटरी बघतो आणि ती उतरायला लागली की सर्व्हर व्यवस्थित बंद करतो. इथे एक बारीक गोष्ट आहे, सर्व्हर बंद झाला आणि यूपीएस पूर्ण उतरायच्या आत लाईट आली तर मशीनला करंट कधी तुटलाच नाही असं वाटतं आणि ते चालू होत नाही. म्हणून शटडाऊनच्या शेवटी एनयूटीने यूपीएसलाही बंद व्हायला सांगायचं आणि बायॉसमध्ये करंट आला की चालू व्हायचं सेटिंग ठेवायचं. मेन स्विच पाडून हे पूर्ण चक्र बघितलं, नीट चालतं.

राहिलंय ते ऑफिसबाहेरची कॉपी. मावशीच्या घरी एन्क्रिप्ट केलेली डिस्क ठेवायचं ठरलंय कारण यात लोकांचे पॅन आणि आधार आहेत. दोन डिस्क असतील, शनिवारी अदलाबदल करायची, आणि दर महिन्याला एक क्लायंट निवडून त्याचा पूर्ण फोल्डर त्या डिस्कवरून परत काढून टॅलीत उघडून बघायचा. पहिला नंबर सगळ्यात मोठ्या डेटावाल्या कंपनीचा लावतोय.