कोयता, कुऱ्हाड आणि पाचर : आमच्या लोहारसाळेची वाटचाल

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या छोट्या कारखान्यात एकाच कामाला लागणारी अवजारे तयार होतात, आणि ते काम म्हणजे घरच्या चुलीसाठी लाकूड तोडणे, फोडणे, गोळा करणे आणि पावसाळ्यापूर्वी पडवीत रचून ठेवणे. कोयते, कोयत्या, दोन प्रकारच्या कुऱ्हाडी, पाचरी, काठीला बसवायच्या आकड्या आणि मोळी उचलण्याचे पट्टे एवढाच आमचा माल आहे. कर्जासाठी बँकेत गेलो की आम्हाला पहिला प्रश्न असा विचारला जातो की, घरोघरी गॅस पोहोचलेला असताना ही अवजारे घेतो कोण. व्यवसायाची सगळी वाटचाल या प्रश्नाच्या उत्तरातच आहे, म्हणून ती सविस्तर मांडत आहे.

आजोबा गावचे लोहार होते आणि त्यांना मिळणारे बलुते भाताच्या रूपाने येत असे. नांगराचे फाळ, पारया (पहारी), कोयते आणि कुऱ्हाडी वर्षभर शेवटून, म्हणजे झिजलेली धार पुन्हा काढून, द्यायच्या आणि कापणी झाली की घरटी ठरलेले भात घ्यायचे, असा तो व्यवहार होता. त्या काळी पोलाद महाग असल्यामुळे कोयत्याचे अंग मऊ लोखंडाचे असे आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव केली जाई. हे काम जमणारे लोहार थोडे होते. आजोबांच्या हातचे असे दोन कोयते आजही शेजारच्या वाडीत वापरात आहेत, मात्र त्यांची पाती झिजून निम्मी झाली आहेत.

वडिलांच्या काळात ट्रक आणि एसटी गाड्यांचे जुने कमानपाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) भंगारात मिळू लागले आणि कोकणातल्या बहुतेक लोहारांप्रमाणे वडिलांनीही त्यांचा वापर सुरू केला. पाट्याचे पोलाद अंगभर कठीण होऊ शकते, त्यामुळे पट्टी जोडण्याचा खटाटोप संपला. हाताने ओढायच्या भात्याच्या जागी विजेवरचा पंखा आला आणि पुढे कोल्हापूरहून जुना पॉवर हॅमर आणला. फोंडा घाटातून तो उतरवून आणण्याचे भाडे त्याच्या किमतीच्या मानाने बरेच पडले, परंतु घण मारायला दोन माणसे उभी करण्याची गरज त्या यंत्राने कायमची संपवली. बलुते तोवर बंद पडले होते. माल बाजारात नेणे भाग होते, म्हणून आठवडा बाजार आणि कुणकेश्वर, आंगणेवाडी येथील जत्रांमध्ये आमचे दुकान लागू लागले. महाशिवरात्रीची कुणकेश्वरची जत्रा आमच्या धंद्याला विशेष सोयीची, कारण त्यानंतरच्या तीन महिन्यांत घरोघरी सरपणाची बेगमी होते.

जत्रेतल्या दुकानात आई बसत असे, आणि आमच्या धंद्याला जे वळण लागले ते तिच्यामुळे लागले असे मी मानतो. गिऱ्हाईक म्हणून पुरुष येत, कोयता हातात तोलून पाहत आणि जड असेल तो पसंत करत. परंतु विकत नेलेला तो कोयता घरी बायका वापरत. आईशी बोलताना त्या मोकळेपणाने सांगत. “कोयतो बरो आसा गे, पण हात भरान येता,” हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकले की तिने वडिलांकडे हलक्या कोयतीचा आग्रह धरला. मोठे ओंडके तोडण्याचे काम पुरुष वर्षातून काही दिवस करतात. रोजचे सरपण म्हणजे काजूच्या वाळक्या फांद्या, आंब्याची डहाळी, गिरीपुष्पाच्या छाटण्या आणि माडाच्या झावळ्या व पोया, आणि हे सगळे मनगटाइतके किंवा त्याहून बारीकच असते. एवढ्यासाठी पाऊण किलोचा कोयता दिवसभर उचलायला लावणे हा निव्वळ अन्याय आहे. वडिलांनी सुमारे साडेचारशे ग्रॅमची कोयती केली. पात्याची जाडी मागच्या कडेला तेवढीच ठेवून धारेकडे ती अधिक उतरती केली, म्हणजे वजन कमी होऊनही पाते वाकत नाही. गोल मुठीऐवजी अंडाकृती मूठ बसवली, कारण घामेजलेल्या हातात गोल मूठ फिरते आणि कोयता फिरला की घाव सरळ बसत नाही. ती कोयती आज आमच्याकडची सर्वाधिक विकली जाणारी वस्तू आहे.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, तेव्हा कारखाना माझ्याकडे आला होता. आता कुऱ्हाडी शोकेसमध्ये ठेवायच्या, अशी थट्टा नातेवाईक करू लागले. गावात प्रत्यक्षात जे घडले ते वेगळे होते. चहा, भाजी आणि घाईचा स्वयंपाक गॅसवर गेला आणि बायकांच्या डोळ्यांतला धूर खरोखरच कमी झाला; हे चांगलेच झाले, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु सगळ्या घराच्या आंघोळीचे पाणी, उकड्या तांदळासाठी भात उकडणे, गुरांचे आंबवण आणि लग्नकार्यातले मोठे टोप यांसाठी सिलिंडर खर्ची घालणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे सरपण संपले नाही, त्याचे प्रमाण घटले आणि ते तोडणारे हात बदलले. पूर्वी वर्षाचे लाकूड तोडून, फोडून देणारे मजूर मिळत. आता थोड्या लाकडासाठी कोणी येत नाही आणि तरुण मंडळी मुंबईत असल्यामुळे घरी राहिलेले साठीच्या पुढचे जोडपेच ते काम करते. अशा जोडप्याला पेलेल अशी कुऱ्हाड बाजारात नव्हती, आणि तीच आम्ही करायला घेतली.

बाजारात मिळणारी रंगवलेली कुऱ्हाड तोडण्यासाठी केलेली असते, परंतु घरी ती फोडण्यासाठी वापरली जाते, आणि या दोन कामांना दोन वेगळे आकार लागतात. तोडताना तंतू आडवे कापायचे असतात, म्हणून पाते पातळ आणि धार निमुळती हवी. फोडताना तंतू कापायचे नसून ते एकमेकांपासून दूर ढकलायचे असतात, म्हणून धारेच्या मागे गाल फुगीर हवेत. पातळ कुऱ्हाड ओंडक्यात शिरते आणि तिथेच अडकते. मग ती ओढून काढण्यात जी शक्ती जाते तिने माणूस थकतो. आमची फोडणीची कुऱ्हाड अवघी दीड किलोची आहे. परदेशी चित्रफितींमध्ये दिसणाऱ्या तीन किलोच्या कुऱ्हाडींची मागणी काही हौशी मंडळी करतात, त्यांना मी आधी दीड किलोची अर्धा तास वापरून पाहायला सांगतो. सुरू आणि काजू यांचे सरळ तंतूंचे ओंडके या वजनाला चांगले फुटतात. जुना आंबा, बाभळीची गाठ किंवा फांद्यांचा जोड असेल तर कोणत्याही कुऱ्हाडीने डोके आपटण्याऐवजी पाचर घ्यावी.

पाचरीबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण दुरुस्तीला येणाऱ्या मोडक्या कुऱ्हाडींपैकी बऱ्याचशा पाचरीअभावी मोडलेल्या असतात. ओंडक्यात अडकलेल्या कुऱ्हाडीच्या माथ्यावर घणाने मारण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. कुऱ्हाडीचे नेढे, म्हणजे दांडा बसतो ती जागा, पोकळ असल्यामुळे ते पसरते, दांडा सैल होतो आणि शेवटी नेढ्याच्या भिंतीला तडा जातो. पाचर मात्र घाव सोसण्यासाठीच असते. तिचे टोक आम्ही कठीण करतो आणि माथा मुद्दाम मऊ ठेवतो, कारण कठीण माथ्यावर कठीण घण पडला की पोलादाचे कपचे उडून डोळ्यात जाऊ शकतात. मऊ माथा ठोकून ठोकून छत्रीसारखा पसरतो. त्या पसरलेल्या कडा कानसीने किंवा ग्राइंडरने काढून टाकाव्यात, अन्यथा त्याही तुटून उडतात. ही सूचना आम्ही प्रत्येक पाचरीसोबत छापील कागदावर देतो. तो कागद वाचला जात नाही हे ठाऊक असल्यामुळे तोंडीही सांगतो.

लाकूड केव्हा फोडावे याबद्दल आमच्याकडे वारंवार विचारणा होते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, आणि नीट जळण्यासाठी ते वीस टक्क्यांच्या खाली यावे लागते. साल ओलावा बाहेर पडू देत नाही, त्यामुळे न फोडलेला ओंडका महिनोन्महिने आतून ओला राहतो. फोड केली की उघड्या पडलेल्या अंगातून तो लवकर सुकतो, शिवाय बरीचशी झाडे सुकल्यानंतरपेक्षा ओली असतानाच सहज फुटतात. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये फोडलेले आणि भिंतीपासून थोडे अंतर सोडून रचलेले लाकूडच जूनमध्ये धूर न करता पेटते. मे महिन्याच्या अखेरीस कुऱ्हाड घ्यायला धावत येणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही ती विकतो, पण हे ऐकवल्याशिवाय विकत नाही.

पोलादाच्या बाबतीत एक महत्त्वाचा बदल मी केला. भंगारातल्या कमानपाट्याने वर्षानुवर्षे खड्डे सोसलेले असतात आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते विझवून कठीण करताना, त्याच जागी ते फुटते. म्हणून आम्ही कमानपाट्याच्याच जातीच्या नव्या पट्ट्या कोल्हापूरहून आणू लागलो. भट्टीतल्या रंगावरून ताव ओळखण्याची वडिलांची नजर माझ्याकडे नाही, म्हणून मी चुंबक वापरतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक लागेनासे होते, तिथून थोडा अधिक ताव द्यायचा आणि पाते तेलात विझवायचे. या जातीचे पोलाद थेट पाण्यात विझवले तर तडकण्याचा धोका असतो. त्यानंतर पाते पुन्हा मंद उष्णतेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. कुऱ्हाडीची धार रॉकवेल या कठीणपणाच्या मापाने ५० ते ५५ च्या दरम्यान असली म्हणजे ती टिकतेही आणि घरच्या दगडावर लावताही येते. याहून कठीण धार जाहिरातीत शोभून दिसते, पण गाठीवर पडली की तिचा तुकडा जातो.

गोळा करण्याच्या अवजारांकडे आम्ही उशिरा वळलो. बांबूच्या लांब काठीला बसणारी आकडी उंचावरच्या वाळक्या फांद्या ओढून मोडण्यास उपयोगी पडते, आणि तिच्या जोडीला आम्ही ओढून कापणारी वाकडी करवत देतो. करवतीची पाती आमची नसतात. तितके एकसारखे दाते पाडण्याची यंत्रे आमच्याकडे नाहीत, म्हणून ती तयार घेऊन आम्ही फक्त खोबणी आणि पकड बसवतो. विजेच्या तारांजवळ बांबूची काठी वापरू नये, हे इथेही नमूद करतो. वाहतुकीसाठी दोन चाकांची हातगाडी करून पाहिली होती, परंतु पाणंदीतल्या चिऱ्यांवर आणि गडग्यांमधल्या अरुंद वाटांवर ती निरुपयोगी ठरली. त्याऐवजी गोणपाटाचा रुंद पट्टा आणि दोन लाकडी मुठी असलेली झोळी करून दिली. तिच्यात फोडी आडव्या भरून दोघांना दोन बाजूंनी उचलता येतात, आणि डोक्यावरची मोळी मानेला झेपत नाही अशा वयस्कर बायकांनी ती लगेच स्वीकारली.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबईकर गावी येऊन राहिले आणि बंद घरांच्या चुली पेटल्या. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. आंबे, काजू, माड घरांवर आणि रस्त्यांवर आडवे झाले. त्या आठवड्यात आम्ही नवा माल करण्याचे थांबवून फक्त धार लावण्याचे काम केले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पेट्रोलवर चालणारी साखळी करवत गावोगाव दिसू लागली ती त्या सुमारास. काहींनी तेव्हाही आमचा धंदा बुडणार असे सांगितले. साखळी करवत ओंडक्यांचे तुकडे झटपट करते हे खरे, पण ते तुकडे फोडावे लागतातच. आमच्या तोडण्याच्या कुऱ्हाडीचा खप त्यानंतर घटला. फोडणीच्या कुऱ्हाडीचा आणि पाचरींचा वाढला.

तोडण्याविषयी एक गोष्ट गिऱ्हाइकांना आम्ही आवर्जून सांगतो. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार अधिनियमाच्या अनुसूचीत नमूद केलेल्या प्रजातींची झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. घरगुती चुलीला झाड तोडावे लागतही नाही. बागेची दरवर्षीची छाटणी आणि वाऱ्याने पडलेल्या फांद्या पुरतात. बिब्ब्याचे लाकूड मात्र मोळीत येऊ देऊ नये. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो.

विक्रीचे म्हणाल तर निम्मा माल अजून जत्रा आणि आठवडा बाजारात जातो, काही माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले व्यापारी नेतात, आणि उरलेला फोनवरच्या मागणीनुसार रवाना होतो. धारदार वस्तू म्हटले की कुरिअरवाले कां-कूं करतात. आम्ही धारेवर चिरलेल्या रबरी नळीचे आवरण घालून आणि पुठ्ठ्यात घट्ट बांधून पाठवतो. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे; आमच्याकडे काम शिकलेल्या दोन मुलांनी तिच्यातून नोंदणी केली असून त्यांतला एक स्वतःची साळ सुरू करण्याच्या तयारीत आहे. स्पर्धा वाढेल, पण शेवटून देण्याचे काम इतके पडून असते की त्याचा मला आनंदच आहे.

सध्या दांड्यांचा प्रश्न हाती घेतला आहे. उन्हाळ्यात दांडा आकसून कुऱ्हाड सैल झाली की लोक ती रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते, दुसऱ्या दिवशी घट्ट वाटते आणि सुकल्यावर आधीपेक्षा अधिक सैल होते. त्यामुळे वर्षभर सावलीत सुकवलेल्या बाभळीचे दांडे नेढ्यात बसवून, त्यांच्या टोकांना जवसाचे तेल पाजून आम्ही तपासत आहोत. जुन्या कुऱ्हाडींनाही तोच दांडा बसवून देण्याची सोय कुणकेश्वरच्या जत्रेतल्या दुकानात असेल. येताना फक्त कुऱ्हाडीचे डोके आणावे, दांडा आणण्याची गरज नाही.