सिंहगडाची उलटी प्रदक्षिणा: पाबे, वेल्हे, नसरापूर, कात्रज

नोव्हेंबरच्या एका रविवारी आम्ही चौघांनी रस्त्याच्या सायकलींवरून सिंहगडाभोवती एक पूर्ण फेरी मारली. स्वारगेट, खडकवासला, खानापूर, पाबे घाट, वेल्हे, नसरापूर, खेड शिवापूर आणि जुन्या कात्रज घाटातून परत, असे अंतर सुमारे १२० किलोमीटर भरते. गड सतत डाव्या हाताला राहत असल्याने आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ सायकलस्वार, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी निघतानाच ही प्रदक्षिणा उलटी असल्याची जाणीव करून दिली. आक्षेप शास्त्राला धरून होता, पण उलटे जाण्यामागे व्यावहारिक कारण आहे आणि ते पुढे सांगतो.

या वाटेचे गणित भूगोलात आहे. तोरणा-राजगडाच्या बाजूने निघालेली भुलेश्वर रांग सिंहगड, कात्रज, दिवे घाट असे टप्पे घेत पूर्वेला जाते. रांगेच्या उत्तरेचे पाणी मुठेला मिळते आणि दक्षिणेचे नीरेला. म्हणजे सायकलस्वाराला ही एकच रांग दोनदा ओलांडायची आहे, जाताना पाबे येथे आणि येताना कात्रज येथे. बाकीचा सगळा रस्ता नदीच्या खोऱ्यांतून जातो. कर्यात मावळ, कानद खोरे, गुंजण मावळ आणि खेडेबारे ही बारा मावळांच्या यादीतील नावे एका दिवसात चाकाखालून जातात. दम कोठे राखून ठेवायचा आणि कोठे खर्च करायचा हे या दोन खिंडी ठरवतात.

आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. रविवारी दुपारनंतर खडकवासला चौपाटीवर कणसे आणि भजी खायला लोटणाऱ्या गर्दीतून सायकल काढणे हा शिक्षेचा प्रकार आहे, म्हणून सिंहगड रस्ता सकाळीच उरकावा, हे उलट्या दिशेचे पहिले कारण. दुसरे कारण असे की पाबे घाटाचा रांजण्याकडील चढ डोंगराच्या उत्तर अंगावर असल्याने थंडीच्या दिवसांत सकाळी तेथे बराच वेळ सावली मिळते. धरणाच्या भिंतीपासून डोणज्यापर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे. तेथे सिंहगडाचा फाटा डावीकडे सोडून द्यावा आणि खानापूरला चहा-पोह्यांसाठी थांबावे. खानापूरनंतर पानशेतचा रस्ता सरळ जातो आणि पाबे-वेल्ह्याचा रस्ता डावीकडे वळतो. वळण घेण्याआधी दोन्ही बाटल्या भरून घ्याव्यात, कारण त्यानंतर वेल्ह्यापर्यंत दुकान उघडे सापडेलच याची खात्री नसते आणि घाटात मोबाइलला रेंजही धड मिळत नाही.

रांजणे मागे पडले की चढ सुरू होतो. चारेक किलोमीटरचा हा चढ लांबीने फार मोठा नाही, परंतु काही वळणांवर तो एकदम उभा होतो आणि पहिल्या किलोमीटरला केलेली घाई तिसऱ्या किलोमीटरला महागात पडते. मागच्या चकतीला ३२ किंवा ३४ दात असतील तर बसूनच चढता येते. वळणाच्या आतल्या कडेला चढ सर्वांत तीव्र असतो, म्हणून समोरून वाहन येत नाही हे नीट पाहून थोडे बाहेरून वळावे. खिंडीत पोहोचल्यावर मागे सिंहगड आणि पुढे तोरणा व राजगड दिसतात. १४०३ मीटर उंचीचा तोरणा येथून इतका प्रशस्त दिसतो की प्रचंडगड हे त्याचे दुसरे नाव कोठून आले असेल याचा वेगळा खुलासा लागत नाही.

उतारावर मात्र दृश्य पाहत बसू नये. पावसाळ्यात वाहून आलेली बारीक खडी वळणांवर नोव्हेंबरातही पडून असते आणि आमच्यातील एकाचे मागचे चाक तिच्यावर घसरलेच. तो पडला नाही, पण टायर कापला गेला. खरी फजिती त्यानंतर झाली. त्याच्या चाकांच्या रिम खोल होत्या आणि माझ्याजवळच्या दोन्ही सुट्या ट्यूबचे व्हॉल्व्ह आखूड होते, त्यामुळे पंप लावायला टोकच बाहेर येईना. अखेर जुनीच ट्यूब ठिगळ लावून वापरली आणि टायरच्या चिरेखाली आतून घडी घातलेले चॉकलेटचे वेष्टन ठेवले. ते घरापर्यंत टिकले. निघण्यापूर्वी प्रत्येकाची ट्यूब प्रत्येकाच्या चाकाला बसते का, हे पाहून घ्यावे. टायर शक्यतो २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावेत.

वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले तरी वाट विचारताना वेल्हे म्हटलेलेच लवकर कळते. येथे मिसळ आणि ताक घेऊन आम्ही कानद नदीच्या सोबतीने मार्गासनीकडे निघालो. माझ्या मते पूर्ण फेरीतील सर्वांत सुंदर भाग हाच आहे. रस्ता लहान लहान लाटांसारखा वरखाली होत जातो, दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरे असतात, कोठे झोडणी चाललेली असते आणि उजवीकडे राजगड आपले रूप हळूहळू बदलत राहतो. अशा रस्त्यावर उतार संपण्याआधीच एक गिअर हलका करावा, म्हणजे आलेल्या वेगाने पुढचा चढ निम्मा निघून जातो. रस्त्याच्या कडेला पसरलेला पेंढा आणि आपल्याच चालीने जाणारी गुरे यांना पुरेशी जागा द्यावी. मार्गासनीहून गुंजवणे गावाकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जाणारा फाटा लागतो. तो टाळून आंबवणे करत नसरापूर गाठावे. तेथील बनेश्वराच्या मंदिर परिसरात झाडांची दाट सावली आहे आणि पुढचा टप्पा पाहता अर्धा तास पाठ टेकणे शहाणपणाचे ठरते.

कारण येथून पुढे महामार्ग आहे. कात्रजपर्यंतचे हे अंतर रुक्ष, गोंगाटाचे आणि दुपारच्या उन्हात नकोसे होते. जेथे सेवा रस्ता आहे तेथे तो सोडू नये. ज्यांना अवजड वाहनांची धास्ती वाटते त्यांनी वेल्ह्याहून पुन्हा पाबे घाटानेच परत यावे. अंतर जवळजवळ तेवढेच पडते, फक्त दुसरा चढ अधिक कठीण मिळतो. महामार्गाने येणाऱ्यांनी शिंदेवाडीजवळ जुन्या घाटाचा रस्ता धरावा आणि नव्या बोगद्याकडे चुकूनही जाऊ नये. जुना बोगदाही काळोखा आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरताना काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून गॉगल आधीच काढावा आणि मागचा लाल दिवा घाट चढायला लागतानाच सुरू करावा. पहाटे लावलेला दिवा उजाडल्यावर बंद करायचे काका विसरले होते. बोगद्याच्या तोंडाशी आलो तेव्हा तो पूर्ण विझला होता, आणि मग आम्ही त्यांना मधे घेऊन बोगदा पार केला.