दोन खोके, दोन्ही डावे : स्विफ्टचं सस्पेन्शन बदलताना आलेला माझा अनुभव

पुढच्या शॉकअपची जोडी कुरिअरने मागवली असेल, तर खोके मोबाइलवर व्हिडिओ काढतच फोडा. खोक्यावरचं लेबल, आतल्या नगावर छापलेला पार्ट नंबर आणि दोन्ही नग शेजारी शेजारी ठेवलेले, हे सगळं एका सलग व्हिडिओत आलं पाहिजे. मी तसा काढला होता, म्हणूनच शेवटी मला माझा उजवा शॉकअप मिळाला. पण त्यासाठी जे करावं लागलं त्याचा राग अजून उतरलेला नाही. आपल्या भागातल्या कुणावर ही वेळ आली तर त्याला वाट माहीत असावी, म्हणून लिहितोय.

गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१४च्या सुरुवातीची, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, मापं घेणं हेच रोजचं काम. सासुरवाडी गोव्यात डिचोलीला, त्यामुळे जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा रस्ता कायमचा पायाखालचा. पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळायला लागले होते. घाटाच्या वळणात गाडी कलली की सरळ व्हायला वेळ घ्यायची आणि ब्रेक मारला की नाक खाली जायचं. शॉकअप बदलायचेच आहेत तर स्प्रिंगाही ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या घ्यायच्या, असं ठरवलं.

३०च का, असं बरेच जण विचारतात. या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, कंपनी १७० मिलिमीटर सांगते, म्हणजे १४० उरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४३ मीटर. त्यामुळे नियमातल्या गतिरोधकावर गाडी पूर्ण चढते आणि पूर्ण उतरते, पोट टेकत नाही. त्रास देतात ते गावकऱ्यांनी स्वतः घातलेले अरुंद, उंच उंचवटे. तिथे मी गाडी तिरपी घेतो, एकेक चाक चढवत. ५० मिलिमीटर खाली बसलेल्या गाडीला तेही जमणार नाही. शिवाय पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाला) फार खाली नेलं की चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचा कोन उलटतो आणि गाडीचा रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती ती वळणात कलते तो, गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली उतरतो. मग दिसायला गाडी बसकी, पण वळणात कलायला जास्त तयार.

दुसरा सल्ला मिळतो तो असा की फक्त स्प्रिंगा बदला, शॉकअप जुनेच राहू द्यात. हे अजिबात ऐकू नका. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली, तर उसळी पूर्वीसारखीच थोपवायला शॉकअपचा अटकाव साधारण १४ टक्के वाढावा लागतो. गळका, दमलेला शॉकअप हे कुठून आणणार? त्यातून गाडी खाली बसली की त्याचा दांडा सतत खालच्या पल्ल्यात चालतो आणि बंप स्टॉपवर, म्हणजे पल्ल्याच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर, आपटतो. स्प्रिंगेला जुळणारा, आखूड बॉडीचा शॉकअपच घ्यावा.

स्प्रिंगा, मागचे शॉकअप आणि पुढची जोडी, सगळं कोल्हापूरच्या एका दुकानातून मागवलं. नाव लिहीत नाही. कोल्हापूर इथून साधारण ११० किलोमीटर. पार्सल मात्र महामार्गाने बेळगावला वळसा घालून हुबळीच्या गोदामात गेलं आणि तिथून उलटं आलं. तेही चाललं असतं. एका खोक्यावर ‘उजवा’, दुसऱ्यावर ‘डावा’, लेबलं अगदी व्यवस्थित. आत दोन्ही नगांवर एकच पार्ट नंबर. ब्रेकच्या पाइपची पट्टी आणि लिंक रॉडचा कान, दोन्ही नगांवर एकाच अंगाला. दोन्ही डावे.

दुकानात फोन केला. “पावणं, खोक्यावर उजवाच लिवलंय नव्हं? मग उजवाच असणार.” व्हिडिओ पाठवला. त्यावर उत्तर आलं, की खोका फुटलाय, आता परत घेता येत नाही, शॉकअपच्या कंपनीकडे क्लेम टाका. खोका न फोडता आतला नग चुकीचा आहे हे ग्राहकाला कसं कळणार, याचं उत्तर तिथे कुणाकडे नव्हतं.

क्लेमचा फॉर्म आला. त्यात चॅसिस नंबर, आरसीची प्रत, बिल, इथपर्यंत ठीक. पुढे नग कोणत्या किलोमीटरला बसवला, कोणत्या किलोमीटरला काढला, वर्कशॉपचा शिक्का. आणि बिघाडाचं कारण निवडायचं : तेलगळती, आवाज, दांडा वाकणे, इतर. ‘चुकीचा नग मिळाला’ हा पर्यायच नाही. मी ‘इतर’ निवडलं, खाली सविस्तर लिहिलं आणि किलोमीटरच्या रकान्यात शून्य टाकलं. फॉर्म अपूर्ण म्हणून परत. रकाना मोकळा सोडला, तरी परत. दुकानातला पोरगा म्हणाला, “धा लिवा की, काय हुतंय?” मी नकार दिला. दहा किलोमीटर लिहिलं की नग वापरलेला ठरतो, आणि वापरलेला नग कोण बदलून देणार? माझ्या टेबलावरून रोज तपासणीचे कागद जातात. न घेतलेलं माप मी कधी लिहिलेलं नाही आणि इथेही लिहिणार नव्हतो. तुम्हीही लिहू नका, पुढचा सगळा दावा त्या एका आकड्यावर पडतो.

मग पत्ता आला. शहराचं नाव सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४पासून बेळगावी झालं. माझी आरसी त्याआधीची, तिच्यावर बेळगाव. पिनकोड टाकला की फॉर्ममध्ये बेळगावी येतं. पत्ता जुळत नाही म्हणून फॉर्म पुन्हा परत. हेस्कॉमचं वीज बिल जोडलं तेव्हा ते मिटलं.

खरी अडवणूक पुढे होती. कंपनीचा माणूस म्हणाला, तुम्ही कर्नाटकातले, कर्नाटकाच्या डीलरकडून क्लेम टाका. कर्नाटकाचा डीलर हुबळीत. तो म्हणाला, बिल महाराष्ट्राचं, जीएसटी तिकडचा, मी यात हात घालणार नाही. कोल्हापूरचा दुकानदार पुन्हा कंपनीकडे बोट दाखवणार. सीमाभागात राहणाऱ्याला हा खेळ नवा नाही. निपाणी, खानापूर, चिकोडी कुठेही विचारा, पैसे घेताना सीमा आडवी येत नाही, जबाबदारी घेताना येते. एक ओळखीचा ड्रायव्हर एसटीतून नग कोल्हापूरला न्यायला तयार झाला होता. तेवढ्यात फेब्रुवारी २०२५मध्ये कंडक्टर-ड्रायव्हरवरच्या हल्ल्यांमुळे दोन्ही राज्यांमधली बससेवा थांबली, आणि तेही राहिलं.

या काळात गाडी तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या आमच्या मिस्त्रींकडे उभी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. सगळे नग हातात येऊन तपासून होईपर्यंत मी गाडीचा एक बोल्ट सैल करू दिला नाही. मिस्त्री कामाला चांगला माणूस, पण त्यांनाही घाई. आधी म्हणाले, “डावी बाजू तरी बसवून टाकू की हो.” एका ॲक्सलवर एक नवा आणि एक गळका शॉकअप म्हणजे ब्रेक लावला की गाडी एका अंगाला ओढणार. मग म्हणाले, पट्टी कापून दुसऱ्या बाजूला वेल्ड मारू, कुणाला कळणारसुद्धा नाही. “मामा, आत तेल आणि सील आहे, बाहेर वेल्डिंगची आग लागली की शॉकअप त्याच दिवशी गेला,” एवढं मी सांगितलं. मामा वरमले नाहीत, पण वेल्डिंग मशीनला हात लावला नाही.

कोंडी सुटली ती कायद्याच्या एका कलमाने. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो, की ग्राहक जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात त्याला तक्रार करता येते. दुकान कोल्हापूरचं असो, कंपनी आणखी कुठली असो, मी बेळगावच्या आयोगात जाऊ शकतो. हे कळल्यावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग दुकानाला आणि कंपनीला एकच ईमेल टाकला. त्यात व्हिडिओ, बिल, परत आलेल्या फॉर्मचे स्क्रीनशॉट, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक, आणि शेवटी एकच वाक्य : अमुक तारखेपर्यंत उजवा नग मिळाला नाही, तर मी बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगात येतोय, तिथे भेटू. ना आवाज चढवला, ना शिवी दिली. दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. आवाजच वेगळा. “साहेब, कागलला याल का? माझा माणूस घेऊन येतो.” कागलच्या स्टँडजवळ मी त्यांचा डावा दिला, माझा उजवा घेतला, आणि घेण्याआधी पट्टी, कान, पार्ट नंबर तिथेच तपासले. त्या दिवशी परत येताना मला जो आनंद झाला, तो नव्या गाडीची चावी हातात पडतानाही झाला नव्हता.

कुठल्याही राज्यातल्या दुकानातून काही मागवा, पण पक्कं बिल घ्या आणि त्यावर तुमचा बेळगावचा, निपाणीचा, जिथला असेल तिथला पत्ता घालून घ्या. बोलणं फोनवर झालं तरी नंतर तेच लेखी पाठवा.

प्रत्यक्ष काम एका दिवसात झालं. त्यातल्या काही गोष्टी लिहून ठेवतो. नवे शॉकअप बसवण्याआधी उभे धरून काही वेळा पूर्ण दाबून सोडा, आत अडकलेली हवा निघून जाते. स्प्रिंग कंप्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावा आणि आळीपाळीने, हाताच्या पान्याने आवळा, एअर गन नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते, तिच्या तोंडासमोर उभं राहू नका. वरचा नट सोडवताना शॉकअपचा चकचकीत दांडा व्हाइस ग्रिपने धरू देऊ नका. त्यावर ओरखडा आला की सील फाटलंच म्हणून समजा. दांड्याच्या टोकाला ॲलन कीची जागा असते, तिथे धरायचं. वरचं माउंटिंग आणि बेअरिंग नवीनच टाका. एवढं सगळं खोललेलं असताना जुनं बेअरिंग परत बसवणं म्हणजे महिन्याभरात स्टीअरिंग फिरवताना कटकट आवाज. स्प्रिंगेचं टोक खालच्या बशीतल्या पायरीला टेकलंय का, तेही बघा.

मागचं काम सोपं. या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, कंप्रेसरसुद्धा लागला नाही.

एक गोष्ट बहुतेक गॅरेजमध्ये चुकते, म्हणून ती जोर देऊन सांगतो. आर्मच्या रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आम्ही चारही चाकं ठोकळ्यांवर घेतली, गाडीचं वजन पूर्ण टेकू दिलं आणि मगच टॉर्क रेंच लावली.

उंची मोजायची तर जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने फरक पडतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, कामाआधी आणि नंतर, सपाट फरशीवर. माझी गाडी पुढे डावीकडे २९ आणि उजवीकडे ३० मिलिमीटर उतरली. मला हेच हवं होतं.

अलाइनमेंट लगेच एकदा आणि दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. स्प्रिंगा थोड्या बसतात. गाडी खाली आली की कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा तिरकेपणा) आतल्या बाजूला जातो आणि टो-इन (वरून पाहता चाकांची पुढची टोकं किती आत वळलीत ते) बदलतो. टायर खातो तो मुख्यतः टो. कामगार स्क्रीनकडे बघून ‘हिरवं आलं’, म्हणजे माप बरोबर, म्हणाला तरी प्रिंट हातात घ्या आणि आधीच्या प्रिंटशी ताडून बघा.

कागदांचं राहिलंच. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे आरसीवरचे तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. मी चाकं आणि टायर मूळ मापाचेच ठेवले, विमा कंपनीला बदल लेखी कळवला आणि पोच घेतली. मूळ स्प्रिंगा तेल लावून माळ्यावर ठेवल्यात. तुम्ही काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आता कणकुंबीपासून पुढे गाडी वळणात शिरते आणि तिथेच बसते, कलून पुन्हा सावरणं हा प्रकारच संपला. शहरातल्या खड्ड्यांत आधीपेक्षा कडक लागते हे खरं आहे, मागे बसणाऱ्या आईला ते जाणवतं, म्हणून चौघं असलो की मी वेग कमी ठेवतो. आणि हो, हेडलाइट्सचा झोतही तपासून घ्या. पुढचं-मागचं सारखं उतरलं नाही तर तो वर किंवा खाली जातो. आमच्या मिस्त्रींनी तो भिंतीवर खूण करून जमवून दिला.