शेपटीकडून छाटलेली बातमी

२८ जुलै २०२४. दुपारी मनू भाकरने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं तेव्हाच आमचं क्रीडापान भरल्यात जमा होतं. रात्री माझ्या वाट्याला उरली खालच्या कोपऱ्यातली दोन कॉलमांची जागा आणि वृत्तसंस्थेकडून आलेली बीच व्हॉलीबॉलची बातमी. नेदरलँड्सची जोडी इटलीकडून हरली, त्या जोडीतल्या स्टीव्हन व्हॅन डी व्हेल्डेची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

का उडवली, ते पार तळाशी होतं. २०१४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने इंग्लंडमध्ये बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला. २०१६ मध्ये कबुली, चार वर्षांची शिक्षा. मायदेशी पाठवल्यावर तिथल्या कायद्याने ती कमी झाली आणि २०१७ मध्ये गडी पुन्हा वाळूवर.

बाहेरच्यांना कल्पना नसते, पण बातमी आम्ही शेपटीकडून छाटतो. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली, हे पहिल्याच आठवड्यात डोक्यात भरवतात. त्यामुळे जागा कमी पडली की वाचत बसायचं नाही, शेवटचे परिच्छेद उडवायचे. त्या रात्री ती मुलगी शेवटच्या परिच्छेदात होती.

मी तो परिच्छेद वर घेतला, सेटचे गुण काढून टाकले. मथळा दिला, ‘बलात्कारातील दोषीची हुर्यो’. डेस्कप्रमुख मागून वाचत होते. म्हणाले, ‘‘अगं, शिक्षा भोगून आलाय ना तो? जन्मभर नावामागे हेच लावणार का? ‘वादग्रस्त’ कर.’’

आमच्याकडे खेळपट्टी वादग्रस्त, पायचीतचा निर्णय वादग्रस्त, आणि आता हाही. राग आला, पण प्रश्न अगदीच खोटा नव्हता. स्पॉट फिक्सिंगमध्ये तुरुंगात जाऊन आलेला मोहम्मद आमीर २०१६ मध्ये त्याच लॉर्ड्सवर पुन्हा कसोटी खेळला, तेव्हा ‘पुनरागमन’ हा मथळा मीच कौतुकाने दिला होता. तिथे फसवणूक क्रिकेटची झाली होती, क्रिकेटने त्याला परत घेतलं. इथे त्या मुलीच्या वतीने कुणी परत घेतलं? व्हॉलीबॉलने? हे तेव्हा सुचलं नाही. घरी जाताना सुचलं.

पान सोडायला सात मिनिटं होती. मी ‘वादग्रस्त’ केलं. मजकुरातला तो परिच्छेद मात्र हलू दिला नाही.

४ ऑगस्टला तो उपउपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलच्या जोडीकडून हरला. माझी सुट्टी होती. सकाळी पेपर उघडला तर एक कॉलम, जेमतेम साठ शब्द. ड्यूटीवरच्याने आमच्याच जुन्या मथळ्यातलं ‘वादग्रस्त’ उचललं होतं आणि शिस्तीत शेपटीकडून छाटलं होतं.