एचिंगची टाकी, टप्पा दुसरा: काच झाली, हवेनं दमवलं

घरी सर्किट बोर्ड (पीसीबी) बनवताना नको असलेलं तांबं फेरिक क्लोराइडच्या (थोडक्यात फेरिकच्या) द्रावणात विरघळवायचं, म्हणजे एचिंग. त्यासाठीच्या टाकीचं काचकाम संपलं, पाण्याची चाचणीही पार पडली. ५ मिमी काचेचे पाच तुकडे लागले: २३० × २५० चे दोन मोठे, ४० × २५० च्या दोन बाजू आणि २२० × ४० चा तळ. बाजू आणि तळ मोठ्या काचांच्या मध्ये बसतात. आतली जागा २२० × ४० मिमी; १८० मिमीपर्यंत भरली की १.६ लिटरला जरा कमी. दुकानात उरलेले तुकडे मागितले तर स्वस्तात पडतं. कडा मात्र घासून घ्या, सिलिकॉन बोटानं दाबताना हात कापतो. सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं साधंच चालतं. तो वास जाईपर्यंत, निदान तीन दिवस, टाकीला हात लावायचा नाही.

खरी कटकट बुडबुड्यांनी द्रावण ढवळणाऱ्या हवेच्या नळीची. फिश टँकचा एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) फेरिकमध्ये टिकेल याचा भरवसा नाही, काहींचं कण धरून ठेवणारं बाइंडर सुटून वाळू होते. म्हणून ४ मिमीची कडक प्लास्टिक नळी तळाशी आडवी टाकली, टोक बंद केलं आणि ०.८ मिमीच्या पीसीबी ड्रिलनं वरच्या अंगाला भोकं पाडली. मऊ नळीला सुईनं टोचलेली भोकं झडपेसारखी मिटतात, तो नाद सोडा. पहिल्या चाचणीत बुडबुडे फक्त डाव्या अर्ध्या भागात. भोकं साफ, पंप ठणठणीत. नळी डावीकडे जेमतेम ३ मिमी उचललेली होती. वरच्या भोकावर पाण्याचा दाब कमी, म्हणून हवा तिथूनच पळते. नळीखाली काचेची पट्टी घालून ती सिलिकॉननं समपातळीत चिकटवली आणि पंपाकडच्या भोकांतलं अंतर १५ मिमी, बंद टोकाकडे ८ मिमी केलं. आता बुडबुड्यांचा पडदा सलग दिसतो. हे इतकं जपायचं कारण अंडरकट: बोर्डाची एक बाजू आधी झाली की दुसरीची वाट पाहताना तिथले बारीक ट्रॅक (तांब्याच्या रेघा) बाजूनं खाल्ले जातात.

पंप टाकीतल्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) टाका. खाली ठेवलात आणि मध्येच लाईट गेली, तर सायफन होऊन फेरिक पंपात उतरतं. दोन्ही केलेलं बरं.

द्रावण: १.२५ लिटर पाण्यात फेरिक क्लोराइडचे ६०० ग्रॅम पिवळट खडे, म्हणजे हेक्साहायड्रेट (पाणी धरलेला प्रकार). काळपट निर्जल भुकटी असेल तर ३६० ग्रॅमच, आणि ती चिमटीचिमटीनं पाण्यात सोडायची. फार तापते, वाफारा घशाला लागतो. भुकटीवर पाणी कधीच ओतू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा डबा दोन दिवसांत चिखल होतो, तेव्हा झाकण घट्ट.

हिशेब असा: ३५ मायक्रॉन जाडीच्या थराच्या १०० × १५० मिमी बोर्डावर तांबं साधारण ४.७ ग्रॅम. वर दिलेलं द्रावण कागदावरच्या हिशेबानं ७० ग्रॅम तांबं खातं, पण निम्म्यानंतर इतकं मंदावतं की सहा-सात बोर्डांनंतर बदललेलंच परवडतं. तळाशी तपकिरी गाळ दिसू लागला तर थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की तो विरघळतो.

थंडीत सकाळी द्रावण गारठलेलं असतं. फिश टँकचा हीटर साधारण ३२–३४ अंशांवर थांबतो, त्यामुळे टाकीच कोमट पाण्याच्या बादलीत उभी करून ४०–४५ अंशांपर्यंत हळूहळू आणतो. एकदम कढत पाणी ओतलं तर काच तडकेल. बोर्ड कोपऱ्यातल्या भोकातून नायलॉनच्या दोऱ्यानं टांगायचा. स्टीलचा चिमटा आत नको, स्टेनलेसलाही खड्डे पडतात. सगळं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. कडाप्पा म्हणजे चुनखडीच, त्याच्या ओट्यावर थेंब पडला की डाग नाही, खड्डा पडतो.

संपलेलं द्रावण मोरीत नाही. आमच्या कोल्हापूरचा जयंती नाला शेवटी पंचगंगेलाच मिळतो आणि तांबं माशांना मारतं. मोठ्या बादलीत धुण्याचा सोडा थोडाथोडा टाकायचा (फेस भसाभसा वर येतो), लाल लिटमस निळा होईपर्यंत. गाळ बसू द्यायचा, वाळवायचा, सिमेंटात घट्ट करायचा.

झाकण अजून बाकी आहे. बुडबुडे फुटताना उडणारे तपकिरी शिंतोडे भिंतीपर्यंत जातात, म्हणून ॲक्रिलिकमध्ये दोऱ्यापुरती फट ठेवून ते कापायचंय. तोवर गंजू नये म्हणून ड्रिल मशीन दुसऱ्या खोलीत.